नळी गार

आमच्या घरमालकांकडे सकाळी साडेसहाला माशांची हजेरी होत असे. शाळेचा जुना, निम्मा कोरा राहिलेला कॅटलॉग गुडघ्यावर घेऊन सर टाकीसमोर स्टुलावर बसायचे आणि एकपासून अकरापर्यंत नंबर पुकारायचे. मासे काही 'हजर' म्हणायचे नाहीत. पण नंबर पुकारला की सर थांबायचे, तो मासा शोधायचे, दिसला की 'ह' मांडायचे, आणि मगच पुढचा. एखादा दगडामागे दडून बसला तर चहा थांबायचा. बाहेरच्या खोलीत दाढी करता करता मी हे ऐकायचो. पहिल्याच आठवड्यात मनात आलं, खोली बदलावी.

भिंगारला छावणीच्या अंगाला चार बिऱ्हाडांची एक कौलारू ओळ होती, ती सरांची. ते आमच्या शाळेत रसायन शिकवायचे. मी त्यांच्या हाताखाली प्रयोगशाळा सांभाळणारा, बाविशीतला, अजून कायम न झालेला मास्तर. म्हणजे दिवसा वरिष्ठ आणि संध्याकाळी मालक, दोन्ही तेच. एकटे होते. लग्न का केलं नाही, असं विचारणाऱ्याला ते म्हणायचे, "विषय निघाला होता एकदा." त्यापुढे नाही.

मासेही मूळचे त्यांचे नव्हते. छावणीतले एक मेजरसाहेब बदलून जाताना टाकी सरांच्या दारात ठेवून गेले होते. "परत आलो की नेईन," म्हणाले. असं म्हणणारे परत येत नसतात हे सगळ्या ओळीला माहीत होतं. सरांनी मात्र त्यांना पावती लिहून दिली: 'अकरा मासे, जिवंत, काचेच्या टाकीसह सांभाळायला मिळाले.' खाली सही. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी माशांच्या हजेरीचं एक पोस्टकार्ड मेजरसाहेबांना जायचं. उत्तर आलेलं मी तरी पाहिलं नाही.

'मी पाहिलं नाही' हे असं बोलण्याची सवय मला त्यांचीच लागली. त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता. दूधवाला म्हणाला, "राहुरीकडं लई पाऊस झाला म्हनं," की सर विचारायचे, "पाहिलेलं की ऐकलेलं?" पोस्टमनला विचारायचे, मुख्याध्यापकांना विचारायचे. सर ख्रिस्ती, दर रविवारी न चुकता देवळात, म्हणजे चर्चला, जाणारे. एकदा त्यांनी पाळकसाहेबांनाही उपदेश संपल्यावर हेच विचारलं. पुढे महिनाभर पाळकसाहेब चहाला फिरकले नाहीत. मी म्हटलं, "सर, त्यांना तरी सोडायचं."

"अहो, ऐकलेलं म्हणजे खोटं असं कधी म्हणालो मी? माझी सगळी श्रद्धा ऐकलेलीच आहे. फक्त ते वेगळ्या रकान्यात लिहावं."

रकाने खरोखरच होते. त्यांच्याकडे एक जाड वही होती. प्रत्येक पानावर मधोमध रेघ. डावीकडे 'पाहिलेलं', उजवीकडे 'ऐकलेलं'. स्वतःच्या हाताला जे लागलं, डोळ्याला दिसलं, ते डावीकडे. बाकी जग उजवीकडे.

कोटाच्या वरच्या खिशात, जिथे लोक पेन लावतात, तिथे त्यांची एक काचनळी असायची. शेजारच्या मावशींच्या पुतण्याच्या लग्नाला आम्ही काष्टीला गेलो होतो. पंगतीत वाढप्याने पेल्यात पाणी ओतलं. सरांनी त्यातलं निम्मं नळीत घेतलं, उन्हाकडे धरून पाहिलं, बूच लावलं आणि नळी खिशात ठेवली. सगळी पंगत बघत राहिली. नवऱ्याच्या बापाने मावशींना बाजूला घेऊन विचारलं, "मास्तर आपल्या हिरीचं पानी पोलिसात देनार हायत का काय?"

या मावशी म्हणजे ओळीतलं तिसरं बिऱ्हाड. त्यांचे यजमान छावणीत माळी होते. बहात्तरच्या दुष्काळात ओळीचा आड आटला आणि टँकरवर दिवस काढायची वेळ आली, तेव्हा सरांना पहिलं कुणी अडवलं असेल तर त्यांनी. सर दर शनिवारी टाकीतलं पाणी काढून दोन बादल्या नवं घालायचे. मावशी हंडा कमरेवर घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"मास्तर, आमी दोन हंड्यात चार जनं भागवतो. आन तुमी माशांना आंगूळ घालताय व्हय?"

"आंघोळ नाही. त्यांची घाण पाण्यात कुजते आणि तिचं शेवटी खत बनतं, नायट्रेट. डोळ्याला दिसत नाही, पण साचत जातं. फार साचलं की मासे मरतात. तुमचे भाऊ उसाला गोणीने घालतात ना, त्याच जातीचं."

"मंग द्या की ते पानी आमच्या उसाला. मासे कशाला पायजेत मधी?"

सर हसले नाहीत. त्यांनी विचार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी मला घेऊन नाल्यावर गेले. नाल्यात एक डबकं तेवढं उरलं होतं आणि त्यावर कोबीच्या पिल्लांसारखी दिसणारी तरंगती झाडं दाटली होती, खाली पाण्यात लोंबणाऱ्या मुळ्यांच्या दाढ्या. सरांनी चड्डीवर उतरून ती बादलीभर गोळा केली. वरून पोरं शिट्ट्या मारत होती. त्यातलीच दोनतीन आमच्या नववीतली होती.

"यांच्या मुळ्यांना माती नाही," सर चिखलातून मला सांगत होते. "मग खातात काय? पाण्यातलं खतच. ते अंगात भरून घेतात. आणि झाड काढून टाकलं की खत टाकीच्या बाहेर. मावशी बरोबर बोलल्या."

ओळीतल्या सगळ्यांसमोर त्यांनी शब्द दिला. आता टाकीत फक्त वाफ होऊन उडेल तेवढंच पाणी पडेल, रोज एक तांब्या. झाडं पाणी राखतात की नाही ते दर शनिवारी तपासलं जाईल. नाही राखलं तर मासे छावणीच्या हौदात सोडून टाकी बंद.

तपासणीची रीत साधी होती. शाळेत आजही असेल. टाकीतलं पाणी नळीत घ्यायचं, त्यात हिराकशीचं, म्हणजे फेरस सल्फेटचं, पाणी घालायचं, मग नळी तिरपी धरून काचेच्या कडेने गंधकाम्ल हळू सोडायचं. आम्ल जड, ते तळाला जातं, आणि दोन्हींच्या मध्ये तपकिरी कडं उमटतं. जितकं गडद, तितकं नायट्रेट जास्त. कडं गडद आलं की निम्मी झाडं काढून टाकायची, म्हणजे उरलेली पुन्हा जोमाने वाढून खत ओढून घेतात. फिकट आलं तर झाडांना हात लावायचा नाही, असा त्यांचा नियम. या कामात नळी चांगली तापते. सर ती स्टँडवर निवायला ठेवायचे आणि बोटांची मागची बाजू लावून पाहायचे. निवली की स्वतः धुवायचे. दुसऱ्याने धुतलेलं काचेचं भांडं ते वापरत नसत.

दोन महिने नामी चाललं. काढलेला पाला मावशी आपल्या भोपळ्याच्या वेलाला घालायच्या. दुष्काळात, मोरीच्या पाण्यावर, तो वेल कौलांवर चढला. "मास्तरांच्या माशांचं पुन्य," असं म्हणून त्यांनी पहिला भोपळा आम्हाला आणून दिला. तोवर भांडण मिटलेलंच होतं.

बिघडलं ते दुसरीकडे. कॅटलॉगातले 'ह' रेघेवरून घसरायला लागले. एका सकाळी सरांनी सात नंबर तीनदा पुकारला आणि सात नंबर समोरच पोहत होता. मी दाढीचा ब्रश घेऊन आत गेलो.

"सर, मोतीबिंदू आहे. दाखवून या."

"पाहिलेलं की ऐकलेलं?"

"पाहिलेलं."

त्यांनी कॅटलॉग मिटला. ऑपरेशनची त्यांना भीती होती, हे मला तेव्हा कळलं. मग म्हणाले, "तोवर तुम्ही पाहा. तुम्ही सांगाल, मी लिहीन." त्या दिवसापासून ते मला नावाने हाक मारेनासे झाले. 'साक्षीदार' म्हणू लागले. "या साक्षीदार, सात नंबर आहे का?" वहीत पट्टी ठेवून, तिच्या आधाराने मोठमोठ्या अक्षरांत ते लिहीत.

आता जे सांगायचं ते सांगतो.

आम्ल संपत आलं होतं. सरांनी स्वतःच्या सहीने शाळेतून नवी बाटली काढून दिली आणि मी ती पोत्यात गुंडाळून सायकलच्या कॅरियरला बांधली. जकात नाक्यापुढच्या खड्ड्यात बाटली फुटली. रस्ता फसफसला, पोत्याचा खालचा भाग विरघळून गेला, मडगार्डचा रंग उडाला. मला काही झालं नाही. त्याच आठवड्यात सरांनी मला कायम करण्याची शिफारस मुख्याध्यापकांना लिहून दिली होती. त्यात एक वाक्य होतं: 'हे काम काळजीपूर्वक करतात.' ते वाक्य मी स्वतः वाचलं होतं. मी पोतं नाल्यात टाकलं आणि कुणाला काही बोललो नाही. वाटलं, आठवड्याभरात कुठून तरी मिळवू.

शनिवार आला. मी टाकीतलं पाणी नळीत घेतलं, हिराकस घातली, आणि आम्लाच्या जुन्या बाटलीत नळाचं पाणी भरून ठेवलं होतं ते काचेच्या कडेने सोडलं. सर स्टुलावर बसले होते.

"काय म्हणतंय कडं?"

"फिकट आहे सर."

"किती फिकट?"

"फार फिकट. पाणचट चहासारखं."

ते खूश झाले. झाडांना हात लावला नाही. मी नळी स्टँडवर ठेवली. थोड्या वेळाने त्यांनी बोटं लावून पाहिली आणि धुवायला नेली.

असे आठ शनिवार. दुसऱ्या खेपेला मी ठरवलं होतं की सांगून टाकायचं. पण पहिल्या शनिवारचं काय सांगायचं? तिसऱ्या खेपेला दोन शनिवारांचं सांगावं लागलं असतं. पुढे पुढे मी ठरवणंही सोडलं. मावशी दारातून विचारायच्या, "मास्तर, ह्या शनवारी पन पाला न्हाई? येल उपाशी हाय माजा." सर अभिमानाने सांगायचे, "साक्षीदार म्हणतात पाणी स्वच्छ आहे."

होळीच्या आसपास, उन्हं तापल्यावर, चार नंबर गेला. दुसऱ्या दिवशी सात, आणि संध्याकाळी नऊ. उरलेले झाडांच्या फटीतून तोंडं वर काढून हवा ओढत होते. सर नुसते टाकीच्या कडा चाचपत उभे. मावशी आल्या, पाहिलं, म्हणाल्या, "आगं बया, ह्यात पानीच कुटं दिसंना," आणि कुणाला न विचारता दोन्ही हात घालून ओंजळी-ओंजळीने झाडं बाहेर काढली. खालची निम्मी सडलेली होती. खोलीभर वास सुटला. पाण्यावर उजेड पडला तसे आठ मासे हळूहळू खाली गेले.

झाडांनी गच्च झाकल्यामुळे हवा तुटली होती. आणि झाडं गच्च झाली होती माझ्या फिकट कड्यांमुळे. हे मला त्या क्षणी, तिथे उभ्या उभ्या कळलं.

सरांनी वेगळाच अर्थ काढला. "पाणी चांगलं होतं. झाडं आता आता सडली असतील. म्हणजे दोष खाण्याचा. माझी चिमूट चुकली. दिसत नाही, जास्त पडलं असेल हातून." मी म्हटलं, "तसं काही नसेल सर." एवढंच म्हटलं. मग त्यांनी मेजरसाहेबांना पोस्टकार्ड लिहायला घेतलं. म्हणजे मी घेतलं, कारण त्यांना तेवढं बारीक लिहिता येत नव्हतं. ते सांगत गेले आणि मी लिहीत गेलो: 'माझ्या दृष्टिदोषामुळे व माझ्या हातून झालेल्या चुकीमुळे तीन मासे दगावले, याची संपूर्ण जबाबदारी माझी आहे.' माझं अक्षर चांगलं होतं. खाली त्यांनी अडखळत सही केली. ते कार्ड पेटीत टाकायलाही मीच गेलो.

त्यानंतर माशांना खायला घालायचं काम त्यांनी मावशींना दिलं. हजेरी मात्र चालू होती, आणि ते अकराही नंबर पुकारायचे. चार म्हणायचे, थांबायचे. सात म्हणायचे, थांबायचे. मी माझ्या खोलीत दाढी अर्धी ठेवून उभा राहायचो.

त्या उन्हाळ्यात ते ऑपरेशनला गेले आणि मला श्रीगोंद्याला दुसऱ्या शाळेत जागा मिळाली. ते दवाखान्यात असतानाच मी खोली सोडली. किल्ली मावशींकडे दिली. भित्रे लोक असंच निघतात. पुढे लग्न झालं, मुलं झाली, पर्यवेक्षक झालो. शाळेत कुणाच्या हातून काही फुटलं तर मी कधी ओरडलो नाही. लोक मला शांत स्वभावाचा समजतात.

गेल्या वर्षी मलाच मोतीबिंदू सांगितला. त्या आठवड्यात एसटी स्टँडवर एका अनोळखी मुलीला विचारावं लागलं, "बाळ, पाटी कुठली आहे?" तिने सांगितली आणि मी गाडीत चढलो. बसल्यावर लक्षात आलं, तिने खोटं सांगितलं असतं तरी मी असाच चढलो असतो.

सर राहुरीला भाचीकडे असतात हे ऐकलेलं होतं. रविवारी गेलो. ऐंशीला टेकलेले, जाड भिंगाचा चष्मा, अंगणात सिमेंटचा हौद, हौदावर तीच कोबीची पिल्लं. मला पाहून म्हणाले, "या साक्षीदार." तेवीस वर्षांनी. भाचीने चहा दिला. मी दुष्काळ काढला, मावशींचा विषय काढला, मुळा धरणात यंदा पाणी किती तेही विचारलं. चहा संपला. कप खाली ठेवला आणि सांगितलं. खड्डा, बाटली, नळाचं पाणी, आठ शनिवार, पोस्टकार्ड. मध्ये थांबलो नाही, नाहीतर परत सुरू झालो नसतो.

सर उठून आत गेले. बराच वेळ आले नाहीत. मला वाटलं, आता भाची येऊन सांगेल की मामांना बरं वाटत नाही, तुम्ही निघा. पण तेच आले, तीच जाड वही घेऊन, आणि पान उघडून माझ्या मांडीवर ठेवलं. मोठमोठी, वाकडी अक्षरं. उजवीकडे, 'ऐकलेलं'च्या रकान्यात, आठ वेळा: 'कडं फिकट.' आणि डावीकडे, त्याच तारखांसमोर, आठ वेळा: 'नळी गार.'

मी मान वर केली नाही.

"डोळ्यांची पट्टी सुटल्यावर पहिलं हेच वाचलं," सर म्हणाले. "गंधकाम्ल घातलेली नळी गार कशी असेल? पण तेव्हा लिहिताना मी खाली काय लिहिलंय बघा."

खाली होतं: 'आम्ल ओलं होऊन कमजोर झालं असावं.'

"आता सांगा. आम्ल कमजोर असलं तर कडं फिकट येणारच. मग त्या कड्याला अर्थ काय उरला? नववीतल्या पोराने सांगितलं असतं. आणि मी रोज टाकीत तांब्या ओतायचो, तर हाताला नुसती झाडं लागायची, पाणी सापडायचं नाही. हाताला लागलेलं सोडून मी ऐकलेल्यावर चाललो. का? तर चार बिऱ्हाडांसमोर शब्द दिला होता. मला कडं फिकटच हवं होतं, साक्षीदार."

"पण खोटं मी बोललो सर."

"बोललात. ते मी नाही म्हणत नाही." चष्मा काढून त्यांनी पुसला. "चार, सात आणि नऊ. ते आपल्या दोघांचे."

"मग तेव्हाच पत्र का नाही टाकलंत? मला विचारायचं होतं."

"काय विचारणार? नळी गार होती एवढं मी पाहिलेलं. का गार होती ते कुणी सांगितलंच नव्हतं. जागा सोडून ठेवली होती."

खरंच, आठव्या शनिवारखाली चार ओळी कोऱ्या होत्या. त्यांनी खिशातून पेन काढलं, पट्टी न लावता, सरळ बारीक अक्षरात उजव्या रकान्यात लिहिलं: 'जकात नाक्यापुढे बाटली फुटली होती.' मी बघतच राहिलो. इतक्या वर्षांची माझी कबुलीसुद्धा त्यांनी 'ऐकलेलं'मध्येच घातली होती. मला हसू आलं. आधी थोडंसं, मग आवरेना. डोळ्यांतून पाणी आलं तरी हसूच येत होतं. सर माझ्याकडे पाहत होते, यात हसण्यासारखं काय आहे ते शोधत.

"उठा," ते म्हणाले. "शनिवारी भाची गावाला होती. झाडं काढायची राहिलीत. निम्मी काढा."

मी बाह्या वर केल्या. पाणी गार होतं. ओंजळी-ओंजळीने झाडं काढून लिंबाच्या आळ्यात टाकली. मुळ्यांच्या दाढ्या मनगटांना चिकटत होत्या. हौदात ऊन उतरलं आणि खाली लाल पाठी हलल्या.

"किती दिसतात?"

वाकून, माझ्या त्या अधू डोळ्यांनी, पुन्हा पुन्हा मोजले. "पाच दिसतात सर. कोपऱ्यात आणखी काहीतरी हललं, पण तो मासाच होता का ते मला सांगता येणार नाही."

"असं सांगायचं असतं," सर म्हणाले, आणि लिहून घेतलं.

उजव्याच रकान्यात. त्या रकान्यात माझ्या आठ ओळी खोट्या आहेत. त्यांच्याखाली आता दोन खऱ्या.